वीणा खाली ठेवता येत नाही

लग्न होऊन मी कडा गावाहून चौसाळ्याच्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं, गोठा दाखवला, देवघर दाखवलं आणि मग ओसरीत उभं राहून समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. म्हणाल्या, "हितून लोक येतेत-जातेत. ध्यान ठिवायचं." मला वाटलं, चोराचिलटांबद्दल सांगतायत. तसं नव्हतं. ध्यान लोकांनी आमच्यावर ठेवलेलं होतं, आणि मी ते विसरायचं नव्हतं.

सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे उठून पांडुरंगाच्या तसबिरीपुढे दिवा, एकादशी कडक. पण खरं सांगायचं तर घरात पांडुरंगाचा नंबर दुसरा होता. पहिला लोकांचा. एखाद दिवशी नैवेद्याला उशीर झाला तर पांडुरंग समजून घेतो, अशी त्यांची खात्री होती. लोकांबद्दल तशी खात्री नव्हती. आमच्याकडे फ्रिज आला तो स्वयंपाकघरात जागा असूनही समोरच्या खोलीत बसला, कारण दारातून दिसायला पाहिजे. वॉशिंग मशीन आलं ते गोठ्यात गेलं, पोत्याखाली, कारण लोक म्हणतील सुनेला धुणं होत नाही. त्यामुळे गार पाणी हवं असलं की मी पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत जायचे, आणि कपडे धुताना माझ्या सोबतीला म्हैस असायची. त्या घरात मला काही न म्हणणारी ती एकटीच होती.

मी ब्लाउज शिवते. घराला लागून पत्र्याची खोली आहे, तिथं माझी शिलाई मशीन. लोक काय म्हणतात हे कळायला सासूबाई पाराकडे कान लावून बसायच्या. मला कुठं जावं लागायचं नाही. लोक माप द्यायला माझ्याकडेच येतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या बाईला दुसरं काही करता येत नाही, म्हणून ती बोलते.

नणंदबाई आल्या त्या पंचमीच्या तोंडावर. एकट्या, हातात कापडी पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्या माझ्याहून लहान, पण नवऱ्याची बहीण म्हणून मी त्यांना ताईच म्हणते. त्यांचा नवरा मारायचा, हे मला माहीत होतं, आमच्या ह्यांना माहीत होतं आणि सासूबाईंनाही माहीत होतं. फक्त तिघांनी एका खोलीत बसून ते कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. त्या दिवशी ताई पाणीही न पिता म्हणाल्या, "मी आता परत जाणार न्हाई." सासूबाईंनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, आणि मग त्या रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून लोकांसाठी कारण तयार होतं. लेक पंचमीला आलीय. पंचमी झाली तशी पोळ्याला थांबली. आमच्याकडे बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, पण पोळा तो पोळा. मग महालक्ष्म्या बसल्या, नवरात्र आलं, दिवाळीला तर लेकी येतातच. संक्रांतीपर्यंत पंचांगानं सासूबाईंना चांगली साथ दिली. संक्रांतीनंतर सण विरळ झाले आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं वरखाली करून काही हाती लागतंय का बघायला लागल्या. एकदा त्यांनी हवापालट असंही सांगून पाहिलं. ज्या बाईला सांगितलं ती म्हणाली, "हितली हवा लई मानवली वाटतं," आणि तिथून सरळ माझ्याकडे माप द्यायला आली.

"तुमची नणंद अजून हितंच हाय व्हय?"

"हो."

"कावून?"

"त्यांचं माहेर आहे हे."

"ते हाय, पर..."

हा 'पर' सगळ्या जणींच्या तोंडात होता. ताईंच्या लग्नाला दोन वर्षं झालेली आणि पाळणा हललेला नव्हता, त्यामुळे लोकांना एका तिकिटात दोन सिनेमे मिळाले होते. त्यातल्या एकदोघींचे ब्लाउज मी मुद्दाम काखेत घट्ट शिवले. लग्नात हात वर करून अक्षता टाकताना त्यांना माझी आठवण आली असेल. मला त्याचं अजूनही बरं वाटतं.

आमच्या भावकीत एक कारभारी आहेत, माझ्या वारलेल्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. सोयरीक, वाटणी, बांधाचं भांडण, दहावा, कशातही मध्ये बसायला त्यांना बोलवावं लागत नाही. आपण बोलवायला निघतो तोवर ते येऊन बसलेले असतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि खिशाला पेन. त्या पेनानं त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. संक्रांत सरल्यावर ते एका सकाळी आमच्या समोरच्या खोलीत, फ्रिजला पाठ लावून बसले.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "लेक सासरीच शोभती. गावात लई चर्चा व्हायलीय. मला माझ्या पोराची सोयरीक तिच्याच सासरच्या गावात करायचीय. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्यांचं तोंड त्यांच्याजवळच होतं, ते घेऊन जायला कुणाची हरकत नव्हती. पण त्यांनी सगळं ठरवून आणलं होतं. माघात गावचा सप्ताह होता. शेवटी, काल्याच्या दिवशी ताईंच्या सासरची माणसं जीप घेऊन येणार, देवाचा प्रसाद खाणार आणि देवाच्याच साक्षीनं ताईंना घेऊन जाणार. गावाला वाटेल, सप्ताहाला राहिली होती, सप्ताह उरकला, गेली. सासूबाईंना हे पटलं. इतके दिवस शोधत असलेला सण त्यांना आयताच सापडला होता.

कारभारी गेल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, तो मारतो त्यांना."

"हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकू द्या की! मारणाऱ्याला लाज नाही आणि आपण दारं लावून बसायचं?"

"तुला काय व्हतंय बोलायला? बाहेर निघावं मला लागतंय." एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांचं मत विचारलं की ते मोटारसायकल पुसायला घेतात. गावातली सगळ्यात चकचकीत मोटारसायकल आमची आहे.

ताई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी केस विंचरणं सोडलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

आमच्या गावचा सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नाम. अखंड म्हणजे अगदी अखंड. पहिल्या दिवशी देवापुढं वीणा गळ्यात अडकवली की काल्यापर्यंत ती खाली ठेवायची नाही. गावातली माणसं पाळीपाळीनं ती घेऊन उभी राहतात, त्याला पहारा म्हणतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, वीणा धरलेल्याच्या पाया पडतो, तोही याच्या पाया पडतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पाया पडल्याशिवाय वीणा घेता येत नाही. वीणा ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या पायावर येणारा-जाणारा डोकं ठेवतो, मग तो माणूस घरी कसा का असेना. आमच्या गावात बाईनं वीणा घेतलेली मात्र कुणी पाहिली नव्हती. घेऊ नये असा नियम कुणी सांगितलेला नव्हता. एखादी घेईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

बायकांकडे भाकरी असतात. पंगतीची आमटी मंडपामागं मोठ्या कढईत शिजते, आणि भाकरी घराघरातून टोपलीनं येतात. कुणाची भाकरी कुणाच्या पानात पडली हे कळत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं कुणाला नावंही ठेवता येत नाहीत. ताईंना मंडपात न्यावं की नेऊ नये यावर सासूबाईंनी बराच विचार केला. नेली तर लोक बघतील. नाही नेली तर लोक म्हणतील, गावभरच्या बाया आल्या, हीच कावून न्हाई? शेवटी पदर नाकापर्यंत ओढून, कडेच्या खांबाला टेकून, लसूण सोलायला बसवायचं ठरलं. ताई पाच दिवस लसूण सोलत होत्या. त्या पाच दिवसांत आमटीत लसूण जरा जास्तच पडला.

सहाव्या दिवशी दुपारी पुढारी येणार होते. कोणते, ते सांगण्यात काही अर्थ नाही. आमच्याकडे कोणीही आलं तरी स्वागत तेच असतं. फाट्यावर जेसीबी उभे होते आणि त्यांच्या लोखंडी पंजात झेंडूच्या पाकळ्या भरलेल्या होत्या. त्याच पंजांनी आदल्या आठवड्यात आमच्या नालीचा गाळ काढला होता. क्रेनला हार लटकत होता, एवढा मोठा की पुढारी त्यात गाडीसकट मावले असते. साहेबांना टाळमृदंगात आणायचं ठरलं, त्यामुळे मंडपातले टाळकरी गेले, मृदंगवाला गेला, आणि बघायला म्हणून उरलेले सगळे गेले. सात दिवसांचं अखंड नाम दुपारच्या उन्हात फाट्यावर जाऊन उभं राहिलं. मंडपात वीणा घेऊन एकटे आबा उरले.

आबा आमच्याच भावकीतले, पंच्याहत्तरीच्या पुढचे, साखरेचे पेशंट. त्यांचा पहारा संपला होता. पुढचा पहारा कारभाऱ्यांचा. आणि कारभारी फाट्यावर जेसीबीला कुठं उभं राहायचं ते सांगत होते.

आबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग या पायावरून त्या पायावर भार टाकायला लागले. साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन तास उभं राहिल्यावर काय लागतं ते सगळ्या बायकांना कळत होतं, आणि सगळ्या लसणात मान घालून बसल्या होत्या.

"आरं कुणी हाय का?" आबा म्हणाले. "जा, त्या कारभाऱ्याला हाक मारा. मला लई घाई लागलीय."

आमटीवाले आचारी दोघं होते. ते म्हणाले, आमची अंघोळ न्हाई, आमी कसं शिवावं? मांडववाला खुर्च्यांच्या मागं झोपला होता. त्याला हलवून पाहिलं, तर तो दुसऱ्या कुशीवर झाला. मी मंडपाबाहेर रस्त्यावर आले, फाट्याकडून कुणी येतंय का बघायला, आणि कारभाऱ्यांना फोन लावला. पलीकडून डीजेचा दणका आणि त्यात त्यांचा आवाज: "कोण हाय बे?" मी म्हणाले, मी सून, आबांना वीणा... "साहेब आले, साहेब आले, ठिव!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं, पण असते तरी दिल्या असत्या.

परत वळून बघते तर ताई उभ्या होत्या. पदर मागं गेलेला, केस तसेच विस्कटलेले, हातांना लसणाची सालं चिकटलेली. त्यांनी हात पदराला पुसले, पुढं गेल्या आणि आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांना विचार करायला वेळ नव्हता. वेळ असता तर कदाचित त्यांनीही केला असता. त्यांनी घाईनं वाकून ताईंच्या पायाला हात लावला, वीणा त्यांच्या गळ्यात घातली, "रामकृष्णहरी माय" म्हणाले आणि मंडपामागं पळाले. त्या वयात माणूस तेवढा पळू शकतो हे मला तेव्हा कळलं.

ताईंनी तारेवर बोट टेकवलं. आवाज जरा कचरत आला, मग नीट लागला. त्या हळू आवाजात नाम घ्यायला लागल्या. लसूण सोलणाऱ्या सगळ्या जणींचे हात थांबले, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा बायकांचा घोळका गप्प बसला.

तेवढ्यात सासूबाई घरून भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन मंडपात शिरल्या.

त्यांचे डोळे आधी लेकीच्या तोंडाकडे गेले, मग वीणेकडे, मग बसलेल्या बायकांकडे. बायकांकडे बराच वेळ. मग त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ठिव. ठिव ते खाली." आणि लगेच जीभ चावली. वीणा खाली ठेवायची? सहाव्या दिवशी? सात गावं नावं ठेवतील. मग त्या दोन पावलं पुढं झाल्या, "आण हिकडं," म्हणाल्या, आणि स्वतःच्या मोकळ्या कपाळाला हात लावून तिथंच थांबल्या. विधवा बाईनं वीणा घेतली म्हटल्यावर काय काय बोलतील, ते त्यांना बोलणाऱ्यांच्या आधीच ऐकू आलं. लेकीच्या हातात राहू द्यावी तर लोक, खाली ठेवावी तर लोक, आपण घ्यावी तर लोक. तिन्ही बाजूंनी लोकच उभे होते. आणि या सगळ्यात भाकरीची टोपली अजून डोक्यावरच होती.

मंडपाच्या खांबाला मोबाइल बांधलेला होता. पुण्यात गेलेल्यांनी घरबसल्या पुण्य घ्यावं म्हणून आमचा सप्ताह लाइव्ह असतो. एरवी तो बघायला चारदोन माणसं असतात. त्या दुपारी ताईंच्या सासरी कुणीतरी बघत होतं, कारण सासूबाईंच्या कमरेचा फोन वाजला. त्यांनी घाबरून तो माझ्याकडे दिला आणि मी स्पीकर लावला. "तुमच्या लेकीनं वीणा धरलीय! केस मोकळं सोडून उभी हाय! नाक कापलं आमचं!" मी म्हणाले, "दिसतंय आम्हाला, आम्ही इथंच आहोत," आणि फोन कट केला.

सासूबाईंनी टोपली उतरवली. मला वाटलं, आता त्या बायकांपुढं हात जोडतील, काहीतरी सारवासारव करतील, पंचमी-दिवाळीसारखं एखादं कारण काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. चप्पल काढली, लेकीजवळ गेल्या आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, नको," ताई म्हणाल्या. त्यांचा सूर तुटला.

"तुझ्या पाया पडत न्हाई. तू नाम घे. थांबू नगंस." आणि त्या लेकीच्या शेजारी उभ्या राहिल्या, हातात कुणाचे तरी पडलेले टाळ घेऊन. इतकी वर्षं त्या बाईला मी ओळखत होते, आणि कुणाकडेही न बघता उभ्या राहिलेल्या त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग फाट्यावरून वरात आली. सगळ्यांच्या टोपीवर, डोक्यावर, कानात झेंडू. पुढारी सराईत माणूस. अशा मंडपातून दिवसाला कित्येकदा जात असणार. ते आत आले, वीणेपाशी गेले, वर न बघता खाली वाकले आणि पायावर डोकं ठेवलं. फोटो निघाले. मग त्यांनी मान वर केली. पायात जोडवी आहेत हे त्यांच्या बहुधा तोवर लक्षात आलं असावं. क्षणभर त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि पुढच्या क्षणी हसू होतं. याला म्हणतात अनुभव.

"वा!" ते माइकवर म्हणाले. "महिलेच्या हाती वीणा! या गावानं आदर्श घालून दिला, आदर्श!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत येताना ज्यांचे डोळे पांढरे झाले होते तेच आता सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. कारभारी लगबगीनं पुढं आले. "आमीच ठरवलं व्हतं साहेब," ते म्हणाले, "यंदा महिलांना संधी द्यायची."

"कारभाऱ्यांचाच पहारा होता," मी मागून म्हणाले, जरा मोठ्यानं. "घ्या की आता. ताई मघापासून उभ्या आहेत."

कारभारी ताईंसमोर आले आणि थांबले. वीणा घ्यायची तर पाया पडावं लागणार. जिला परवा जीपमध्ये घालून पाठवायचं ठरवलं, तिच्या पाया, तेही सगळ्या गावासमोर. न पडावं तर वीणा मिळत नाही. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, इस्त्रीच्या धोतराकडे पाहिलं. ताई त्यांच्याकडे बघत होत्या, एक सूर न चुकवता. शेवटी कारभारी म्हणाले, "राहू दी, राहू दी. धर अजून थोडा येळ. महिलांचा मान हाय आज," आणि साहेबांना घेऊन जेवणाच्या मंडपाकडे गेले. संध्याकाळच्या भजनाला आबा परत आले, ताईंच्या पाया पडले आणि वीणा घेतली. ताईंच्या खांद्याला वळ उठला होता.

त्यानंतरचा दिवसभर माझी शिलाईची खोली भरलेली होती. ज्या बायका 'पर' म्हणत होत्या त्याच आता "तुमच्या नणंदेचं तेज काय व्हतं बाई" म्हणत होत्या. एक म्हणाली, तिच्यात आधीपासूनच देवाचं काहीतरी हाय, म्हणून संसार झाला न्हाई. दुसरी हळूच म्हणाली, बाटवलं सगळं, पर आता साहेबच पाया पडले म्हणल्यावर कोण बोलणार? मी टेप गळ्यात अडकवून ऐकत होते. मला वाटलं, चला, सुटल्या ताई. आता यांना पाठवायचं कुणी नाव काढणार नाही.

किती भोळी मी.

काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, पंगती उठल्या आणि जीप आमच्या दारात आली. ताईंचे चुलतसासरे आणि अजून दोन पाहुणे. नवरा आला नव्हता. लोकांत बरं दिसत नाही म्हणाले. कारभारी त्यांच्या आधीच येऊन बसले होते, आणि ते खुशीत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "झालं ते चांगलंच झालं. सगळीकडं नाव झालंय. लोक लई चांगलं बोलायलेत. तवरच लेक पाठवून द्या. मानानं जाईल."

मी पदर खोचला. आमचे हे उठून फडकं शोधायला निघाले. पण बोलल्या सासूबाई, दाराच्या चौकटीला धरून.

"भावजी, लोक वाईट बोलत व्हते तवा तुमी म्हणलात, पाठवा. आता चांगलं बोलायलेत, तरी म्हणताव, पाठवा. म्हणजे लोक काय बी बोलू द्या, मार माझ्याच लेकीनं खायचा."

"तसं न्हाई वहिनी, समाजात राहायचं म्हणल्यावर..."

"ती आली त्या दिशी तिच्या पाठीला तेल लावलं म्या. पट्ट्याचं बक्कल उठलेलं व्हतं. त्या खोलीत म्या व्हते आन भिंतीवर पांडुरंग व्हता. लोक न्हवते. आता ज्यानं बघितलंय त्यालाच इचारीन म्या, ज्यांनी बघितलं न्हाई त्यांना न्हाई."

पाहुण्यांपैकी एक जण हसला. "मग काय म्हणला पांडुरंग?"

"त्यो काय बोलत न्हाई, पाव्हणं," सासूबाई म्हणाल्या. "पर आपलं ऐकलेलं त्यो गावभर सांगत बी न्हाई. म्हणून त्याच्यावर इसंबून हाय. लेक यायची न्हाई. तुमी जेवून जा."

पाहुणे न जेवता उठले. बाहेर गेल्यावर सांगायला तेवढं तरी हातात हवं. कारभाऱ्यांनी खिशाच्या पेनाला हात लावून बघितला आणि तेही गेले. जाताना म्हणाले, आमच्या पोराच्या सोयरिकीचं काय, ते आता देवालाच इचारतो. मी म्हणाले, अवश्य विचारा.

मी स्वयंपाकघरात आले तर सासूबाई पिठाच्या डब्याला धरून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"लोक काय म्हणतील गं आता?"

मला हसू आलं आणि रडूही. "लई काय काय म्हणतील, आत्या."

त्यांनी मान हलवली. डोळे मिटून थोडा वेळ ओठ हलवले. "म्हणू दी," त्या म्हणाल्या. "त्यो हाय." मग त्यांनी परात पुढं ओढली आणि कणीक मळायला घेतली.

मी ताईंना सांगायला आत गेले. त्या झोपल्या होत्या. आल्या त्या दिवसापासून त्या आतून कडी लावून झोपायच्या, स्वतःच्या माहेरातसुद्धा. त्या दुपारी दार सताड उघडं होतं.